कालचा दिवस सांग

कऱ्हाड
१२ मे २०२५

चि. सौ. नयनास,
यमुनाक्काचे आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते. त्यापेक्षा कागद बरा. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, अजून अक्षर जागेवर आहे.

परवा आमचा सुजय आईला भेटायला पुण्याहून आला होता. त्याने मला त्याच्या मोबाइलवर एक फोटो दाखवला, तुझ्या अनन्याने पाठवलेला. लखनौला आलमबागेत कुणाच्या तरी लग्नात तू उभी आहेस. हिरवी पैठणी, गजरा, चांगली हसते आहेस. मला आनंदच झाला असता, पण पाठोपाठ आपल्या गौरी आठवल्या.

नयना, मी साठी ओलांडलेली बाई आहे, मला आडवळणाने बोलायला वेळ नाही. गौरी तुमच्या घरच्या. आई होती तोवर तू एवढ्या लांबून दरवर्षी यायचीस, पदर खोचून उभी राहायचीस आणि मी माहेरवाशीण म्हणून ऐटीत बसून खायचे. आई गेली आणि मुखवट्यांचा डबा माझ्याकडे आला. आपल्याकडे लेक गौर आत आणत नाही, सून आणते. म्हणून गेली चार वर्षं श्रावण संपला की मी डबा काढते, मुखवटे पुसते आणि परत ठेवते. आणि चारही वर्षं तुझं पत्र येतं, "यंदा विनयना रजा नाही." रेल्वेच्या संशोधन कचेरीत सगळी संशोधनं गणपतीतच निघतात की काय?

लग्नात उभं राहता येतं आणि गौरींसाठी नाही, याचा मी काय अर्थ काढायचा ते तूच सांग. यंदा आली नाहीस तर मुखवटे उंब्रजच्या चुलत घरी देऊन टाकीन. हृषीकेशची बायको संपदा हौशी आहे, तिने विचारलंही आहे. डब्यात कोंडलेल्या गौरी मला बघवत नाहीत.

विनयला आशीर्वाद. अनन्याला म्हणावं, आत्याला एक वाक्य मराठीत लिहून पाठव. चुका चालतील.

तुझी,
यमुनाक्का


मानक नगर, लखनौ
२६ मे २०२५

ती. अक्कांना नयनाचा शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. तुमचं क्षेम कळवावं.

पत्र मिळालं. तुम्ही रागावलात, तो तुमचा हक्कच आहे. लग्न विनीताभाभींच्या मुलीचं होतं. त्या आमच्या अगदी समोरच्या क्वार्टरमध्ये राहतात, न जाऊन चाललं नसतं. गौरींचं मी विसरलेली नाही. पण यंदाही विनयना रजेचं कठीण दिसतंय, नव्या डब्यांच्या चाचण्या चालू आहेत, आणि अनन्याचं बारावीचं वर्ष. मुखवट्यांची घाई करू नका, एवढीच विनंती.

उन्हाने इथे जीव नकोसा केलाय. दशहरी आंबे यायला थोडा अवकाश आहे. आले की पेटी पाठवते.

एक गंमत सांगते. विद्यापीठातली एक मुलगी सध्या आमच्या कॉलनीत येते, मीनाक्षी नावाची. कोरोना होऊन गेला तरी ज्यांना पुरतं बरं वाटलं नाही, अशा लोकांशी बोलून ती काही लिहिते आहे. ती डॉक्टर नाही, औषध देत नाही, तपासण्यांचे कागदही मागत नाही. नुसतं बोला म्हणते. मला एकवीस साली झाला होता म्हणून विनीताभाभींनी तिला आमच्याकडे धाडलं. ती मला विचारायची आणि विनय उत्तरं द्यायचे. "मैडम अब बिल्कुल ठीक हैं. रिपोर्ट सब नॉर्मल है, बस थोड़ी थकान." शेवटी तिने विचारलं, "और भाभी जी, आप?" मी म्हटलं, "हाँ, ठीक ही है." चहा पिऊन गेली. पुन्हा येईन म्हणाली, कशाला कोण जाणे.

तुमची,
नयना


कऱ्हाड
६ जून २०२५

चि. नयनास आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मास्तरीण आहे, नजर जायची तिथे जातेच. एका पत्रात शाई किती वेळा बदलावी? क्षेम निळ्या शाईत, लग्न काळ्या, आंबे पुन्हा निळ्या आणि ती मीनाक्षी तर पेन्सिलीने. अक्षरही उतरणीला लागलेलं. म्हणजे नणंदेचं पत्र तू येता-जाता, उरल्यासुरल्या वेळात लिहिलंस. वर्गात असा निबंध आला असता तर मी परत केला असता.

आणि त्या पोरीचं काय खूळ आहे? कोरोना घरोघरी झाला. मलाही झाला. काढा प्यायले, उठले, भांडी घासली. इथे आमच्या शाळेतली सुरुची आठवते ना, गाणं शिकवायची ती? तिनेही त्यानंतर नोकरी सोडली आणि दिवसभर पडून असते. मी तिला तोंडावर सांगितलं, नाचता येईना अंगण वाकडं. अंथरुणाची सवय लावली की अंथरूण माणसाला सोडत नाही. तेव्हापासून ती मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूने जाते.

तू तशातली नाहीस, मला ठाऊक आहे. म्हणून तर राग येतो. संपदाला मी ऑगस्ट लागला की पक्कं काय ते कळवते म्हटलंय. आंबे पाठवलेस तर खाईन, पण आंब्यांवर मी विरघळायची नाही.

यमुनाक्का


मानक नगर, लखनौ
२ जुलै २०२५

ती. अक्कांना नमस्कार.

या वेळी "सर्व क्षेम" लिहीत नाही. ते लिहिलं नाही तर पुढे काय लिहायचं याची सवय नाही, म्हणून हा कागद बराच वेळ कोरा होता.

शाईचं तुम्ही बरोबर पकडलंत. कारण तेवढं वेगळं आहे. ते सांगायच्या आधी मीनाक्षीचं सांगते.

ती पुन्हा आली, रविवारी. विनय घरीच होते. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, आता सगळं नीट सांगतो अशा बेताने. ती म्हणाली, "भाई साहब, विनीता आंटी कह रही थीं कि अदरक की चाय आप जैसी पूरी कॉलनी में कोई नहीं बनाता." इथली माणसं अशी आहेत, अक्का. माणसाला जागेवरून उठवतात आणि उठणाऱ्याला तो मान वाटतो. विनय आत गेले. मग ती माझ्याकडे वळली. "कल का दिन बताइए. आँख खुलने से लेकर सोने तक." आणि गप्प बसली.

मी म्हटलं, "कल? कल तो कुछ किया ही नहीं." ती गप्पच. वर पंखा फिरत होता, आत विनय आलं ठेचत होते. माझ्यासमोर एवढा वेळ कुणी गप्प बसलेलं मला आठवत नाही. घरात कुणी विचारलं तर "बरं आहे ना?" असंच विचारतं, त्याला "हो" एवढंच उत्तर असतं. इथे "हो" म्हणून सुटण्यासारखं काही नव्हतं. मग मी बोलायला लागले.

तुम्हालाही सांगते. सकाळी उठते तेव्हा रात्रभर कुणी माझ्याकडून जात्यावर दळून घेतल्यासारखं अंग असतं. दात घासते आणि बसते. आंघोळ करते आणि आडवी होते. कणीक एका दमात मळून होत नाही, म्हणून स्वयंपाकघरात एक उंच स्टूल आणलंय. पाहुणे आले की ते न्हाणीघरात लपवते. कुकर लावला हे विसरते. अनन्या शाळेतलं काही सांगत असते, मला तिचे ओठ हलताना दिसतात, पण शब्दांचा अर्थ लागत नाही. ती "मम्मा, रहने दो" म्हणते आणि तिच्या खोलीत जाते. पत्र लिहायला बसले की चार ओळींनी अक्षरं पोहायला लागतात. मी पेन ठेवून देते. दुसऱ्या दिवशी, नाहीतर आणखी दोन दिवसांनी, हाताला येईल त्या पेनाने पुढे. तुमचं पत्र उरल्या वेळात लिहीत नव्हते, अक्का. होता तेवढा सगळा वेळ त्यालाच देत होते.

आता तो फोटो. तो काढल्यावर मी विनीताभाभींच्या आतल्या खोलीत जाऊन पैठणीसकट आडवी झाले. पुढचा सगळा आठवडा अंथरुणातून उठले नाही. या दुखण्याचा हा खोडसाळपणा आहे. केलेल्या कामाची खरी शिक्षा ते त्याच दिवशी देत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देतं. तोवर फोटो सगळीकडे पोचलेला असतो.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी रजा मिळाली होती. तिकिटंही होती. चारबाग स्टेशनवर पुलाचा जिना चढताना मी मध्येच बसले ती मला उठताच येईना. गाडी आमच्या खालून निघून गेली. विनय दोन्ही हातांत बॅगा घेऊन वरच्या पायरीवर उभे. परत येताना मीच त्यांना म्हटलं, अक्कांना रजा नाही असंच कळवते. त्यांना बोल लावू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी ती एवढी घट्ट झाकली की नंतर मलाच उघडेना.

हे सगळं सांगून मी वर पाहिलं तर विनय ट्रे घेऊन दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, चहावर साय धरली होती. पुलाचं त्यांना ठाऊक होतंच, बाकीचं निम्मंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठले तर न्हाणीघरातलं स्टूल स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलेलं होतं, वर उशी बांधून.

लेखात खरं नाव घालत नाहीत. तुम्हीच एखादं नाव सांगा, असं मीनाक्षी म्हणाली. माझ्या तोंडून "यमुना" निघालं. रागावू नका. मला वाटलं, हे नाव घेतलेली बाई खोटं बोलणार नाही.

मुखवटे संपदाला द्या. हे रागाने लिहीत नाही. आपल्या गौरी उभ्या असतात. ज्या घरची सून उभी राहू शकत नाही, त्या घरासाठी त्यांनी डब्यात का अडकून पडावं? संपदा त्यांचं हौसेने करील. मला फक्त एक फोटो पाठवा.

तुमची,
नयना


कऱ्हाड
४ ऑगस्ट २०२५

चि. नयनास अनेक आशीर्वाद.

महिना गेला. तू म्हणशील, अक्का रुसली. पहिले आठ दिवस रुसलेच होते. चार वर्षं मला "क्षेम, क्षेम" लिहितेस आणि कोण कुठली परकी पोर, तिला एका चहात सगळं सांगतेस? मनाला फार लागलं. मग सावकाश डोक्यात उजेड पडला. तिने विचारलं होतं. मी कधी विचारलं होतं? "तुझं क्षेम कळव" असं लिहीत आले, म्हणजे कळवायचं ते क्षेमच कळव. दुसरं काही कळवायला मी जागाच ठेवली नव्हती.

म्हटलं, ही विद्या आपण करून बघावी. शेंगदाण्याची चटणी घेतली आणि सुरुचीकडे गेले. दार उघडून तिने मला पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. बिचारीला वाटलं, दुसरी म्हण घेऊन आले. मी पलंगाशेजारी खुर्ची घेतली आणि म्हटलं, "सुरुची, कालचा दिवस सांग." आणि गप्प बसले.

नयना, हे फार अवघड आहे गं. तीस वर्षं मी वर्गाला "गप्प बसा" म्हटलं, स्वतः कधी बसले नव्हते. दोन-तीनदा जिभेवर उपदेश आला. "सकाळी लवकर उठत जा" हा तर ओठापर्यंत आला होता, तो मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. माझा उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे, तो तिच्याकडे करून बसले.

ती बोलली. तुझं पत्र कुणी तिला वाचून दाखवलंय की काय असं मला वाटलं, इतकं तेच. तेच आंघोळ करून आडवं होणं, तेच दोन दिवसांनी मिळणारी शिक्षा. वर एक तिचं स्वतःचं. सूर लावला की दम पुरत नाही, म्हणून तानपुऱ्याला गवसणी घालून तो माळ्यावर टाकलाय. कारण समोर दिसला की रडू येतं. मग रडलीच. शेवटी म्हणाली, "बाई, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा विचारलंत." ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण विचारलं तर शेजारच्यालाही थोडं कळतं. त्या मीनाक्षीला माझा नमस्कार सांग. तिच्यामुळे मला एक गेलेली मैत्रीण परत मिळाली आणि एक भावजय.

आता कामाचं. मुखवटे संपदाला देत नाही. मीच ते घेऊन तुझ्याकडे येते. सुजय मला पुण्याला गाडीत बसवून देईल, चारबागला विनयने उतरवून घ्यावं. पूल मलाही चढवत नाही, गुडघे आहेत. तिथे लिफ्ट असेल तर हुडकून ठेवा. लेक गौर घरात आणत नाही, असं आई म्हणायची. पण लेकीने गाडीतून आणू नये, असं काही ती म्हणाली नव्हती. लखनौपर्यंत माझं काम, उंबऱ्यापासून आत तुझं. स्वयंपाकाकडे तू बघायचं नाहीस.

आणि माझं नाव दुखण्याला दिलंस ते दिलंस. त्या यमुनेला जरा हुशार दाखव म्हणावं.

यमुनाक्का


मानक नगर, लखनौ
१४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र विनयनी मला वाचून दाखवलं. मध्ये थांबून त्यांनी चष्मा पुसला. पुसायला काही झालं नव्हतं त्या चष्म्याला.

काय लिहू? मी आभार मानले तर तुम्ही ओरडाल, म्हणून लिहून टाकते आणि तुम्ही वाचेपर्यंत लांब असते. अक्का, तुमचे फार उपकार आहेत. तुमच्यावर भार टाकू नये म्हणून मी चार वर्षं गप्प राहिले आणि तुम्ही एका महिन्यात डबा बांधायला घेतलात.

इथली तयारी सांगते. शेपूला इथे सोया म्हणतात, तो मिळतो. तोंडली म्हणजे कुंदरू. अंबाडी काही मिळत नाही. विनीताभाभी म्हणाल्या, "सब्ज़ी हमारे ज़िम्मे छोड़िए, देवी जी हमारे यहाँ भी तो आ रही हैं." विनयनी गौरींसाठी दोन लोखंडी स्टँड करून घेतलेत. रेल्वेचे डबे तपासणारा माणूस आहे, स्टँड हलवून हलवून बघतोय.

एकच भीती आहे. तुम्ही दीड दिवसाचा प्रवास करून याल आणि नेमकी त्या दिवशी मी उठूच शकले नाही तर? माझ्या शरीराचा काही भरवसा देता येत नाही. आधीपासून किती विश्रांती घेतली तरी देता येत नाही. गौरी माझ्या दारात येऊन थांबतील आणि मला उंबऱ्यापर्यंत जाता येणार नाही, असं सारखं डोळ्यासमोर येतं.

तुमची,
नयना


(पोस्टकार्ड)
कऱ्हाड
१९ ऑगस्ट

नयना, उठता आलं नाही तर झोपून बघ. गौरी कुठे पळून जात नाहीत. अंबाडी मी इथून आणते. यमुनाक्का


मानक नगर, लखनौ
१८ सप्टेंबर २०२५

ती. अक्कांना नमस्कार.

कालचा दिवस सांगते. दुपारपर्यंत आडवी होते. संध्याकाळी बाल्कनीत बसले, अनन्याने केस विंचरले. आज जरा बरं आहे. हे पत्र एकाच शाईत दिसेल, पण आहे ते चार दिवसांचंच. तुमच्या धाकाने विनयनी एकसारखी सहा पेनं आणून ठेवली आहेत.

तुम्ही पोचल्याचं सुजयने कळवलं. तुम्ही इथे होतात तेव्हा काही गोष्टी तुमच्या कानापर्यंत पोचल्या नाहीत. त्या सांगायच्या राहू नयेत म्हणून लिहिते.

गौरी यायच्या त्या सकाळी मला भीती होती तेच झालं. पाय गादीवरून खाली येईनात. बाहेर तुम्ही उंबऱ्याशी बसून रांगोळीने पावलं काढत होता. मी अनन्याला म्हटलं, आत्याला सांग, मला नाही जमणार. तुम्ही आत आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि तशाच परत गेलात. मी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, संपलं. एवढ्या लांबून आणलेल्या गौरी आता तशाच डब्यात परत जाणार.

थोड्या वेळाने अनन्या कुजबुजली, "मम्मा, देखो." मी कूस बदलली. पावलं खोलीच्या दारातून आत येत होती. तुम्ही हातात रांगोळी घेऊन, गुडघे धरत, एकेक पाऊल काढत माझ्या पलंगापर्यंत आलात. विनय मागे उभे होते. ते म्हणाले, "अक्का, गौरी तर हॉलमध्ये बसवायच्या ना?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मग तुम्ही मला उशीला टेकवून बसवलंत आणि दोन्ही मुखवटे आणून माझ्या मांडीवर ठेवलेत. म्हणालात, "तुझ्या मांडीवर आल्या म्हणजे घरात आल्या." ते गार होते, अक्का, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलके. तुम्ही अनन्याकडून घोकून घेतलेला प्रश्न तिने विचारला, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" सोन्यामोत्यांच्या पावलांनी, असं मी म्हणायला हवं होतं. दरवर्षी मीच म्हणायचे. पण त्या क्षणी मला ते आठवेना. मी म्हटलं, "सावकाश पावलांनी." तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली?" अनन्या तुमच्या उजव्या कानाशी ओरडली, "धीरे-धीरे आई है, आत्या!" तुम्ही म्हणालात, "येऊ दे. घाई कुणाला आहे?" आणि मला हळद-कुंकू लावलंत. त्यानंतर अनन्याने मला विचारलं, "ये आत्या हमेशा से ऐसी थीं?" मी म्हटलं, हो. मग थांबून म्हटलं, जवळजवळ.

स्टँड लावायला विनयनी पाने-पक्कड काढली तेव्हा तुम्ही जे म्हणालात, ते मी जन्मभर विसरणार नाही. "राहू दे ते स्टँड. जिथे सुनेला उभं राहवत नाही तिथे गौरी कशाला उभ्या राहतील? बसव त्यांना." आपल्या कितीतरी पिढ्यांच्या उभ्या गौरी माझ्या पलंगाशेजारी, गव्हाच्या डब्यांवर, साडीच्या निऱ्या पसरून बसल्या. तीन दिवस आम्ही तिघी बसून होतो. मी अधूनमधून डोळे मिटायचे. त्या नाही मिटायच्या.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी प्रसादाला आली होती ना, तुम्ही तिला पुरणपोळीवर तुपाची धार धरत होता. ती दाराशी थांबून माझ्याशी हळू बोलली, तुम्हाला ऐकू गेलं नाही. म्हणाली, "भाभी जी, हम लोग पूछ लेते हैं, लिख लेते हैं, और अक्सर सोचते हैं कि इससे होगा क्या. आज पहली बार देखा कि किसी ने सुना, और फिर कुछ किया." तिने विचारलं, हे लिहू का. मी म्हटलं, खऱ्या यमुनेला विचार. तुम्ही तिला म्हणालात, "और एक पोळी लो." तिने तो होकार धरला आहे. बघा, चालेल ना?

मी बरी झालेले नाही. तुम्ही गेल्यावर तर आठवडाभर उठले नाही, आनंदाचीही शिक्षा होतेच. पण ते स्टूल आता कुणी आलं तरी लपवत नाही. अनन्या तिचं सगळं एका दमात न सांगता थोडं थोडं सांगते, मधे थांबते. आणि कपाटात वरच्या कप्प्यात तुमचा डबा आहे. निघताना तुम्ही म्हणालात, "आता हा इथेच राहू दे." तेव्हा तुमचा हात त्याच्यावरून जरा उशिराने निघाला, तो मी पाहिला.

म्हणून विचारते, अक्का. कालचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत. मी गप्प बसते.

तुमची,
नयना


कऱ्हाड
२९ सप्टेंबर २०२५

चि. नयनास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असं लिहिलं होतं. वर बघ, खोडलंय. तुझ्याकडून शिकलेली विद्या आपल्यावरच उलटते ती अशी.

कालचा दिवस. उठले, देवपूजा केली, भाजी आणली. भाजीवाली काही म्हणाली, मी हसले. ऐकू आलं नाही की मी हसते. मंडळात जायचं सोडलंय. तिथे सगळ्या एकदम बोलतात आणि मग मी चुकीच्या जागी हसते. सुजयचा फोन आला, त्याला म्हटलं, बरं आहे. तुझे दाजी गेल्यापासून हे असंच आहे. दुपारी जेवले. पातेलं लहान घ्यायचं अजून हाताला कळत नाही, दोन वेळचं उरतं.

मग कपाट उघडलं. डब्याची जागा रिकामी होती. तुला लिहिलं होतं ना, दरवर्षी मुखवटे काढते, पुसते आणि परत ठेवते? पुसायला कितीसा वेळ लागतो. ते समोर मांडून मी बोलत बसायचे, आणि तेही भाद्रपदात एकदाच नव्हे. माझ्याकडे गप्प बसून ऐकणाऱ्या त्या दोघीच होत्या. उंब्रजला देईन म्हणाले ते नुसतं तुला ओढून आणायला. दिल्या नसत्या. तुला दिल्या, कारण मला वाटलं, तुला त्या जास्त लागतील. आणि त्यांच्या जागी आता तू आहेस. तू विचारलंस म्हणून सांगता आलं. बरं वाटलं गं.

मीनाक्षीला सांग, लिही म्हणावं. मराठी नावं नीट लिही.

राहिला संध्याकाळचा भाग. सुरुची आली होती. हल्ली दोन-तीन दिवसांनी, जमेल तशी येते. जिना चढून आली की पलंगावर आडवी होते, मी काही विचारत नाही. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, गौरी बसल्या तिथपर्यंत. मग मी चहा ठेवायला उठले. ओट्यापाशी उभी राहून मागे पाहिलं तर ती डोळे मिटून काहीतरी गात होती. काय ते मला ऐकू आलं नाही, फक्त ओठ हलताना दिसले. ते थांबेपर्यंत मी चहा गाळला नाही.

तुझी,
यमुना